दुसरं पिल्लू

आईने आमच्या नव्या गाडीला बांधलेलं लिंबू मी काढून तर्री-पोह्यांवर पिळलं होतं. हे आधीच सांगतो, म्हणजे मी कसा माणूस आहे ते कळेल. नागपूरचा, आयटीतला, लॉगमधली नोंद बघितल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा. तरी हे लिहितोय... कारण मनावरून उतरतच नाही.

आम्ही बेंगळुरूत बन्नेरघट्टा रोडच्या पुढे राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मी, बायको मृणाल, साडेचार वर्षांची ईरा आणि तेव्हा चार महिन्यांचा चिकू. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे झुडपं आणि मोठाले खडक आहेत. तिथे बिबट्या दिसल्याची कुजबुज होती. मुलं खाली खेळतात, पिंजरा लावायला सांगा, म्हणून मी कमिटीच्या मागे लागलो. कमिटी म्हणाली, आधी पुरावा आणा. माझ्याकडे ट्रेकसाठी घेतलेला ड्रोन होताच. रविवारी सकाळी गच्ची गाठली.

गच्चीवर शेजारच्या सुमनअक्का सांडगे घालत होत्या. पिढ्यान् पिढ्या इथेच मुरलेल्या मराठी घरातल्या. ड्रोन खडकांवर नेला आणि स्क्रीनवर चक्क मादी दिसली! तिने आवाजाकडे मान वर केली, कपारीत शिरली आणि एका पिल्लाला मानेला धरून झुडपात पळाली. दुसरं पिल्लू कपारीच्या तोंडाशी तसंच बसून राहिलं. थोड्या वेळाने मादी झुडपाच्या कडेला परत आली, वर बघितलं आणि मागे फिरली. पुन्हा आली, पुन्हा फिरली.

अक्का माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "अय्यो, दुसऱ्याला न्यायला आलीय की रे ती! मांजर कशी सात घरं फिरवते पिल्लांना, तसं. तुझं ते मशीन स्वल्प लांब घे की!"

"एकच मिनिट, अक्का. चेहरा नीट येत नाहीये."

ते एक मिनिट मी बॅटरी संपत येईपर्यंत ताणलं.

ग्रुपवर व्हिडिओला धडाधड अंगठे आले. मी दिवसभर हवेत होतो. मादी मात्र त्या खडकाकडे नंतर फिरकलीच नाही. वनखात्याच्या लोकांनी वाट पाहिली, शेवटी पिल्लू घेऊन गेले. ते दुधाला तोंड लावेना. आठवड्याभरात गेलं. हे कळलं तेव्हा मी चिकूची बाटली धूत होतो. इतकी लाज वाटली, की मृणालला सांगायलाही जीभ रेटेना. अक्का तर लिफ्टमध्ये भेटल्या तरी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. शेजारी नवीन टॉवरचं काम सुरू झालं होतं, सकाळपासून ड्रिलिंगची घरघर. चिकू हॉलमध्ये बाल्कनीजवळ पाळण्यात झोपलेला, ईरा बाजूला चित्रं काढत बसलेली. मृणाल अंघोळीला, मी मधल्या खोलीत कॉलवर. पाणी प्यायला बाहेर आलो... पाळणा रिकामा.

दाराला आतून कडी. बाल्कनीला जाळी. मृणाल ओल्या केसांनी धावत आली, आम्ही वेड्यासारखं घर उलटंपालटं केलं. चिकू सापडला सगळ्यात आतल्या खोलीत — कपाटाच्या खालच्या खणात, बॅगांच्या मागे. शांत झोपलेला. त्याच्यापर्यंत हात पोचायला मला तिन्ही बॅगा बाहेर ओढाव्या लागल्या. अंगावर एक ओरखडा नाही. फक्त झबलं मानेपाशी ओलंचिंब होतं.

तो तेव्हा रांगत नव्हता. ईराला तो उचलवत नाही, बॅगा तर नाहीच नाही. हॉलमधला कॅमेरा काही हललं की रेकॉर्ड करतो. त्यात मृणाल बाथरूमकडे जाताना दिसते, आणि नंतर एकदम मी ओरडताना. मधलं काहीच नाही. मी दोन दिवस लॉग उपसले. माझ्याकडे आजही याचं स्पष्टीकरण नाही.

ईराला मांडीवर घेऊन विचारलं, "पिल्लू, चिकूला कोणी नेलं गं?"

"मोठ्या माऊने," रंगवणं न थांबवता ती म्हणाली. "मानेला धरून. इथे खूप आवाज येतो ना, म्हणून."

तो व्हिडिओ मी ईराला कधीच दाखवला नव्हता. त्या पिल्लाबद्दल घरात चकार शब्द नव्हता. मृणालला सगळं त्या दिवशीच सांगितलं. ती चिकूला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

ड्रोन मी मोडून टाकला. पिंजऱ्याचा अर्ज मागे घेतला. आता कोणाच्या काय उपयोगाचं ते...

चिकू आता आतल्या खोलीतच झोपतो. पण ड्रिलिंग सुरू झालं की ईरा चित्रं सोडून बाल्कनीजवळ त्याच जागी जाऊन बसते. जेवायला हाक मारली तरी उठत नाही. परवा मी तिच्या शेजारी जाऊन बसलो, तर तिने माझा हात धरला.

"बाबा, माऊने एकालाच नेलं. मला न्यायला येईल ना ती परत?"

हो म्हणायची भीती वाटते. आणि नाही म्हणायला मला तोंड नाही.