कानात सांगायचं नाव

डिलाईल रोडच्या आमच्या जुन्या चाळीत मी भाड्याची आत्या म्हणून प्रसिद्ध आहे. भाडं म्हणजे एक नारळ आणि दोन वाट्या घुगऱ्या. ज्या बाळाला सख्खी आत्या नाही, किंवा आहे पण दुबईला आहे, त्याच्या बारशाला मला दादरच्या माझ्या घरून बोलावून घेतात. मी नऊवारी नेसून, नथ घालून हजर. पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानात नाव सांगायचं, 'कुर्रर्र' करायचं, आणि तेवढ्यात बायकांनी मागून पाठीत धपाटे घालायचे, असा रिवाज. मी तर धपाटा पडायच्या आधीच "मेले गं बाई!" म्हणून ओरडते. लोक बाळाला सोडून मलाच बघतात. तशी सोयच करते मी.

गेल्या चार वर्षांत चार मुलांच्या कानात मी एकच नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही, लिहिलं तर चौघेही "काय?" म्हणून धावत येतील. नाव तीन अक्षरांचं. सगळे ते झटकन उरकतात, शेवटचं अक्षर तर गिळूनच टाकतात. फक्त माझा धाकटा भाऊ, चाळीतच राहिलेला, मधलं अक्षर ओढायचा, आमची मालवणी आई गॅलरीतून हाक मारताना ओढायची तसं. बायकोला दिवस गेले तेव्हा त्याने हेच नाव ठरवलं. कामावरून आला की तिच्या पोटाशी तोंड नेऊन हेल काढून म्हणायचा. त्याची नक्कल करून मी अख्खा मजला हसवलाय.

मूल व्हायला दोन महिने होते तेव्हा तो गेला. कामावर, डबा खाताना.

मुलगा झाला. बारसं घरातल्या घरात करायचं ठरलं. शेजारच्या काकू भावजयीला म्हणाल्या, "अगो, ह्या नावाची चार पोरां आसत चाळीत. हाक मारलंस तर चारय धावत येतली. दुसरा काय ता बघ."

"येऊ देत, काकू. पाचवा येईल तो माझा."

मग तिने मला मोरीपाशी ओढलं. "ताई, ते म्हणायचे तसंच सांगा. एकदा तरी याच्या कानात तसं पडू दे. मी म्हणायला गेले की मला रडू येतं."

मी म्हटलं, "अगं, त्यात काय? माझा धंदाच आहे तो."

यावेळी खरीखुरी आत्या होते. पाळण्यात वाकले. नाव आठवत होतं, हेलही आठवत होता. तोंडातून काही आलं नाही. मग सवयीने 'कुर्रर्र' आलं. बायकांनी पाठीवर नुसते हात टेकवले, दुखवट्याचं घर म्हणून. मी ओरडले नाही. काकूंनी नाव मोठ्याने जाहीर केलं, झटकन, सगळे म्हणतात तसं.

"सांगितलंत?" भावजयीने विचारलं.

"सांगितलं की."

मग मी दोन वाट्या घुगऱ्या खाल्ल्या. एका बारशाला पाळण्याची दोरी सुटली होती तो किस्सा रंगवून सांगितला, दोरी ओढून दाखवत. सगळ्या हसल्या. मीही हसत असणार. घुगऱ्यांत मीठ होतं की नाही, कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आठवड्याने, सकाळची, परत गेले. भावजय पाय पसरून बसली होती, पायांवर बाळ, त्याला तेल लावत होती. मी दारातूनच म्हटलं, "मी त्या दिवशी काही सांगितलंच नाही त्याला."

तिचा हात थांबला नाही. "माहीत आहे. 'कुर्रर्र'च्या आधी तुमचे ओठ हललेच नाहीत. मी तेवढंच बघत होते." बाळाची दुसरी मांडी चोळून झाली. "आता सांगा."

मी खाली बसले, वाकले. पहिलं अक्षर, मग मधलं, ओढून, आणखी ओढून. मला दुसरं येतच नव्हतं, ती माझी नेहमीची नक्कलच होती, मजल्याला हसवणारी. बाळाने जांभई दिली. भावजय हसली नाही. तिने तेलाचा हात उचलला आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी पुढे बाळावरच कलंडणार होते.

"लागलं, ताई?"

"छे गं."

खरंच नव्हतं लागलं. लागलं ते नंतर, बसमध्ये, दादर येता येता.