भ चं डोकं उघडं

शालन गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणच्याच्या कैऱ्या फोडत होते. तिची सून म्हणाली, "काकू, आई सकाळी गेल्या." मी विचारलं, "कुठे?"... पंचाहत्तरी उलटलेल्या बाईने विचारण्यासारखा प्रश्न नव्हे हा. पण तो शनिवार होता, आणि एके काळी शालन दर शनिवारी मरोळला जायची. का जायची, ते मला चांगलं ठाऊक होतं. माझ्यामुळेच जायची.

ऐंशीच्या दशकात अंधेरी पूर्वेच्या एका मराठी शाळेत आम्ही दोघी प्राथमिकला होतो. तिसरीचा वर्ग माझा. कडक इस्त्रीची साडी, अंबाडा इतका घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या, आणि त्यालाच मी बुद्धीचं तेज समजत असे! शालनने कसलंसं प्रशिक्षण घेतलं आणि हेडमास्तरांच्या मागे लागून जिन्याखालची लेझमांची खोली मिळवली. वाचता-लिहिता न येणारी पाच-सहा मुलं रोज तासभर तिथे बसायची. खरखरीत काचकागदाची अक्षरं कापून ती त्यांना बोटांनी गिरवायला लावायची. दारावर तिने पाटी लावली, 'साधन-कक्ष'. मी त्या खोलीला 'दवाखाना' म्हणत असे.

"काय शालनबाई, आज किती पेशंट?"

"तू ये ना, एक खाट रिकामी आहे," ती म्हणायची. मुलं मंद नाहीत, त्यांना अक्षरं वेगळी दिसतात, हे तिने मला शंभरदा सांगितलं असेल. मी तेव्हा वह्या तपासत असायचे.

माझ्या वर्गातली वनिता तिच्या त्या खोलीत जायची. धडा एकदा ऐकला की घडाघडा सांगणारी पोर, पण लिहायला बसली की घ चा ध आणि भ चा म. शालन म्हणाली, "तिची परीक्षा तोंडी घे गं." मी म्हटलं, "मग उद्या सगळा वर्गच तोंडी मागेल, वाट लागेल माझी." एकदा मी 'माझे कुटुंब' हा निबंध दिला. वनिताने लिहिलं, 'मला एक लहान माऊ आहे.' भाऊ लिहायचं होतं तिला. माझ्या अंगात विनोद फार! मी वाक्य मोठ्याने वाचलं आणि वर विचारलं, "काय गं, दूध बशीत देतेस का त्याला?" वर्ग खदखदून हसला. सगळ्यांत जास्त मी. तिने पुढे लिहिलं होतं, 'तो खूप आजारी आहे.' ते मला दिसलं होतं. मी वाचलं नाही.

मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग तिच्यामागे म्यांव म्यांव करत फिरला. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

आठवड्याने शालन माझ्यासमोर उभी राहिली. "चल मरोळला. माफी माग तिची."

"बाईने पोरीची माफी मागायची? काहीतरीच काय!"

"ठीक आहे," म्हणाली, आणि शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर काचकागदाची पिशवी घेऊन एकटीच गेली. वनिताची आई मालवणची. दारातच म्हणाली, "बाय, चेडू आता शाळेत येवचा नाय." शालन उंबऱ्यावरच बसली. असे किती शनिवार बसली देव जाणे. एके सोमवारी येऊन मला म्हणाली, "परवा तिने भाऊ लिहिलं. भ चं डोकं उघडं, म चं झाकलेलं, एवढंच धरून बसली होती बिचारी."

"मग आण की शाळेत."

"तुझ्या वर्गात नको म्हणाली."

पुढे ते कुटुंब मरोळ सोडून गेलं. कुठे, ते शालनला माहीत होतं, कारण वनिताची पत्रं यायची. शालन ती स्टाफरूममध्ये वाचायची आणि स्वतःशीच हसायची. मी समोर बसून चकल्या खायचे. विचारलं नाही. निवृत्त झालो तरी विचारलं नाही. गेल्या दिवाळीनंतर तिला भेटायला गेले, तेव्हा तीच म्हणाली, "एकदा तरी विचार गं, कुठे असते ती."

मी म्हटलं, "अगं, चहा गार होतोय तुझा."

...ती माझी आणि तिची शेवटची भेट.

तेराव्यानंतर मी तिच्या मुलाला पत्रांबद्दल विचारलं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. वनिताला ओळखणारं जगात दुसरं कोणी मला माहीत नाही.

शोकसभा शाळेच्याच हॉलमध्ये झाली. जुने विद्यार्थी बरेच आले होते. मला बोलायला उठवलं, कारण मी बोलते मजेशीर अशी ख्याती आहे. मी ठरवलं, आज सगळं सांगायचं, माफीसकट. दवाखान्यापासून सुरुवात केली, लोक हसले. निबंधावर आले. 'मला एक लहान माऊ आहे' म्हटलं आणि सगळा हॉल खदखदून हसला... तसाच. पुढचं वाक्य आजही राहूनच गेलं.

वनिता आता पन्नाशीकडे झुकलेली असेल. मी माइक धरून उभी होते आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकेक बाईचा चेहरा बघत होते, न हसणारी एखादी दिसते का म्हणून.