ताईला झोप लागेल असं जाकीट

धाकटी पन्नाशीला टेकली तरी सगळी गल्ली तिला धाकटीच म्हणायची. थोरली, म्हणजे ताई, अजून तिच्याबरोबर त्याच दोन खोल्यांत राहत होती, आणि थोरली समोर असेपर्यंत धाकटेपणातून कुणाची सुटका होत नाही. दोघींनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारणारी माणसं विचारून विचारून कधीच दमली होती.

पुढच्या खोलीत धाकटी कपडे बेतायची. समारंभाचे झगमगीत नव्हेत, रोजचे, आणि तेही पानगळीच्या दिवसांचे. हे दिवस मोठे लबाड. सकाळी अंगावर काटा, दुपारी पाठीला घाम, आणि संध्याकाळी गारवा कधी कुशीत शिरतो ते कळत नाही. अशा दिवसांत असं काहीतरी अंगावर हवं, की घालून खुशाल लोळावं आणि तेवढ्यात दारावर कुणी आलं तर बदलायला धावावंही लागू नये. बोलायला काय जातं! ऐसपैस करावं तर पोतं दिसतं, नेटकं करावं तर काखेत काचतं. या दोहोंच्या मधली वाट शोधण्यात धाकटीचं आयुष्य गेलं होतं.

वाट सापडली की नाही, हे तिला ताईच्या झोपेवरून कळायचं.

हे सुरू झालं धाकटी शाळेत असताना. आई गेली होती आणि वडील असून नसल्यासारखे होते. ताई दिवसभर कचेरीत टायपिंग करायची, आल्यावर चुलीशी उभी राहायची आणि रात्री धाकटीचा अभ्यास घ्यायची. एकदा धाकटीनं जुन्या पडद्याचं सैलसं जाकीट शिवलं. ताई कौतुकानं ते घालून खिडकीशी बसली आणि बसल्या बसल्या झोपली. ताई दिवसाही झोपू शकते हे धाकटीनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ती कितीतरी वेळ जागची हलली नाही.

तेव्हापासून प्रत्येक नमुना आधी ताईच्या अंगावर चढायचा. पूर्वी सुट्टीच्या दिवशी, आणि ताई निवृत्त झाल्यापासून रोज, दुपारचं जेवण झालं की ती खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसायची. बाहेरच्या झाडाची पिवळी पानं संथपणे खाली येत राहायची आणि त्यांच्या सावल्या ताईच्या मांडीवरून सरकत जायच्या. ताई उठली की धाकटी चुण्या पाहून खडूनं खुणा करायची आणि मग विचारायची, "काय दिसलं?" कारण कापड नेमकं कुठे चुकलं ते ताईची स्वप्नं सांगत. गळा आवळ असला की तिला ठेंगणं दार दिसे. बाह्या जड झाल्या की हातात भरलेल्या बादल्या येत. सगळं जमलं असलं की ती पाण्यावर उताणी तरंगत असे, आणि तिला वर यायचं नसे. नमुने घेणाऱ्या दुकानवालीलाही हे ठाऊक होतं. कापड चिमटीत धरायच्या आधी ती विचारायची, "ताई घोरल्या का?"

या वर्षीचं जाकीट सुक्या पानाच्या रंगाचं होतं. सूत आणि लोकर मिसळलेलं मऊ कापड, खांदा जरासा उतरता, हवी तर उभी राहणारी कॉलर आणि हात मनगटापर्यंत बुडतील असे खिसे. धाकटीला स्वतःलाच ते इतकं आवडलं होतं की तिला भीती वाटत होती. गुरुवारी ते दुकानवालीला दाखवायचं होतं.

ताई बसली. डोळे मिटले. पापण्या थरथरत राहिल्या.

"झोपली नाहीस," धाकटी म्हणाली.

"झोपले होते की!"

"उगाच थापा मारू नकोस. झोपलीस की तुझं तोंड उघडं पडतं."

दुसऱ्या दिवशी धाकटीनं मुंढा, म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात तो गोल, मोकळा केला. ताई जागीच. मग अस्तर बदललं, कॉलर उतरवून पुन्हा चढवली. ताई खिडकीबाहेर पाहत बसली. धाकटीचा धीर सुटत चालला. आयुष्यभर तिला एवढी एकच गोष्ट धड जमली होती, आणि आता हात गेला असेल तर उरलं काय?

बुधवारी दुपारी तिनं ताईच्या अंगावरच डावी बाही उसवायला घेतली.

"जाकिटात काही खोट नाही गं," ताई एकदम म्हणाली.

"मग कशात आहे?"

"घड्याळवाले दुकान बंद करतायत. समुद्राकडे जाणार, भावाच्या शेजारी घर घेतलंय. त्यांनी मला विचारलं."

"काय विचारलं?"

"काय विचारणार? वेळ?"

धाकटीला हसू फुटलं, आणि ते अर्ध्यावरच विरलं. कोपऱ्यावरचे घड्याळवाले! दर महिन्याला घरातलं चांगलं चालणारं घड्याळ ताई त्यांच्याकडे का नेत होती, ते आता कळत होतं.

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, धाकटीचे नमुने होऊ देत." ताईचा आवाज ओला झाला. "मला जायचंय गं. खरंच जायचंय. पण मी गेल्यावर तुझ्या कपड्यांत झोपायचं कुणी?"

उसवण्याची सुरी धाकटीच्या हातात तशीच राहिली. मनात आलं, म्हणावं की अजून मुंढा जमला नाही, थोडी थांब. मग अस्तर, मग खिसे. पानगळ अशीच काढता आली असती, आणि पुढचीही. ताई थांबली असती. ती थांबली असती, याचंच धाकटीला रडू आलं. तिनं मान खाली घालून शेवटचा टाका तोडला आणि बाही सुटी केली.

"जा की मग," ती म्हणाली. "तिकडे वारा असेल, हेच घालून जा. दुकानवालीला मी दुसरं शिवून देईन. आणि माझ्या कपड्यांत मी झोपेन. पन्नाशीची झाले, मला काय झोपता येत नाही?"

धाकटीनं वर पाहिलं. ताईची मान कलली होती आणि तोंड उघडं पडलं होतं. एका बाजूला बाही नाही, खांद्यात टाचण्या, दोरे लोंबतायत, आणि ताई गाढ झोपली होती. जाकीट पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. धाकटीनं तीन दिवस चांगली शिवण उसवली होती.

तिनं उसवलेली बाही ताईच्या उघड्या दंडावर अलगद पांघरली. एक पान खिडकीच्या चौकटीवर येऊन थांबलं. ताई झोपेत किंचित हसली. तिला काय दिसत असेल, हे या वेळी विचारावं लागणार नव्हतं. पाणी असणार, आणि चांगलं मोठं.

दुपार कलली. गुरुवार उद्यावर आला होता आणि बाही जोडायला ताईला उठवावं लागणार होतं. धाकटी खुर्चीच्या पायाशी बसून राहिली. तिनं ताईला उठवलं नाही.