करंडीखालचा पाय

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या घरफोडीचा मुद्देमाल कुठल्या चोराकडे सापडला, असं कोणी विचारलं तर मी हमखास घोटाळा करीन. पानमळ्याचं प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. कारण आरोपीच्या बुटाचा म्हणून मी जो ठसा जप्त केला, तो पुढे माझ्याच बुटाचा निघाला. अशी गोष्ट माणूस विसरत नाही. विसरायचं ठरवलं तरी खात्यातले मित्र विसरू देत नाहीत.

त्या वेळी मी अमरावती जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही आणि माणसांचीही सांगत नाही. अंजनगाव सुर्जीच्या पट्ट्यात विड्याच्या पानांचे मळे आहेत. तिथली पानं करंड्यांत भरून अकोल्याला जातात. आमच्या हद्दीतल्या एका मळ्याचा मालक म्हातारा होता, त्याला सगळं गाव बाबा म्हणायचं. त्याचा माल दोन पिढ्यांपासून अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एकाच व्यापाऱ्याकडे जायचा. व्यापाऱ्याला सगळे चाचा म्हणत. चाचांचा पंचविशीतला मुलगा करंड्या न्यायला टेम्पो घेऊन यायचा.

बाबांना दोन मुलगे. थोरला काही वर्षांपूर्वी पानांच्याच कामाने एका मोठ्या शहरात गेला होता. तिथल्या बाजारात बॉम्बस्फोट झाला, त्यात तो गेला. घरी आलं ते प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं गाठोडं. त्यानंतर गावातल्या बऱ्याच जणांनी बाबांना सुचवलं की आता तरी त्या लोकांशी व्यवहार तोडा. बाबांनी तोडला नाही. धाकटा तेव्हापासून घरात फारसं बोलत नव्हता.

एका सकाळी ठाण्यात फोन आला. ठाणे अंमलदाराने घेतला. बाबांच्या मळ्यात अकोल्याच्या पानवाल्याच्या पोराने बॉम्बचा माल लपवलाय, एवढंच सांगून समोरच्याने फोन ठेवला. स्टेशन डायरीला नोंद करून अंमलदार माझ्याकडे आला. निनावी फोनकडे मी एरवी शंकेने पाहत असे. नवऱ्याला अडकवायला बायकोचा फोन, सरपंचाला अडकवायला माजी सरपंचाचा, हे रोजचंच होतं. पण त्या फोनमध्ये ‘बॉम्ब’ होता आणि ‘अकोल्याचा पानवाला’ होता. हे दोन शब्द शेजारी शेजारी आले आणि माझी शंका कुठल्या कुठे गेली. त्या क्षणी मला ते अगदी स्वाभाविक वाटलं, हे कबूल करतो.

पंच घेऊन भर दुपारी मळ्यावर पोचलो. मळ्याला चहूबाजूंनी तट्ट्या, आत वेलींची गर्द सावली, जमीन कायम ओली. फाटकावर बाबांची बायको आडवी उभी राहिली. पायातलं काढून आत जा म्हणाली. मी म्हणालो, “मावशी, बॉम्बला बूट कळत नाहीत.” माझ्या शिपायांना हा विनोद आवडला. आम्ही सगळे बुटांसकट आत गेलो आणि पोळ्याला बैल फिरावेत तसे मळाभर फिरलो.

शेवटच्या ओळीत एक करंडी होती, तिच्यावर चाचांच्या दुकानाची हिरवी खूण. आत केळीच्या पानाखाली जिलेटीनच्या कांड्या आणि डिटोनेटर. अमरावतीहून बॉम्बशोधक पथक आलं. त्यांनी आम्हाला लांब पिटाळलं, माल निकामी केला, करंडी उचलली, इकडचे तिकडचे फोटो काढले. ते फोटो मी फायलीत लावले आणि नीट पाहिलेही नाहीत. मला त्याहून मोठं घबाड मिळालं होतं. करंडीपासून थोड्या अंतरावर चिखलात बुटाचा एक सुरेख ठसा होता. मी त्याच्यावर प्लॅस्टर ओतवलं, पंचांच्या सह्या घेतल्या, सील केलं.

त्यात धाकटा स्वतःहून पुढे आला. काल दिवस मावळताना मी मळ्याच्या धुऱ्यावर, बांधावर होतो, म्हणाला. चाचांच्या पोराला करंडी घेऊन आत जाताना पाहिलं. भीतीने बोललो नाही.

“बूट घालून शिरला तो आमच्या मळ्यात,” तो म्हणाला. “बूट घालून.”

हे त्याने तीनदा तरी सांगितलं असेल. मी तीनदा खूश झालो. ठसा बुटाचा, साक्षीदार बूट पाहणारा. आणखी काय पाहिजे होतं?

अकोल्याच्या ठाण्याला कळवून आम्ही दोन गाड्या घेऊन जुन्या शहरात गेलो. बाजाराची वेळ होती. मुलगा दुकानात ओल्या फडक्याखाली पानं रचत होता. मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि गाडीपर्यंत चालवत नेलं. गाडी जवळ आणता आली असती, आणली नाही. चाचा मागून विचारत राहिले, काय झालं साहेब, काय झालं. मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर माझा फोटो होता, शेजारी बुरखा घातलेला तो. घरी मी पदकासाठी कोटावर जागा कुठे आहे ते आरशात पाहिलं. बायको म्हणाली, कोट आधी बसतोय का ते बघा.

कोठडीत मुलगा एकच सांगत होता.

“मी मळ्यात जातच नाही साहेब. बाबा जाऊ देत नाहीत.”

“घरात जेवतोस ना तू त्यांच्या?”

“घरात जेवतो. मोठे भाऊ गेले तेव्हापासून त्यांच्या जागेवर बसवतात मले. पण मळ्यात नाही. फाटकावर टेम्पो लावतो, करंड्या बाहेर येतात.”

जो म्हातारा आपल्या मेलेल्या मुलाच्या जागेवर याला जेवायला बसवतो, तो याला शेतात पाय ठेवू देत नाही? इतका कच्चा बचाव मी नोकरीत ऐकला नव्हता. खात्रीसाठी बाबांना ठाण्यात बोलावलं. त्यांनी मान खाली घातली. पोरगं जीवाचं आहे, म्हणाले, पण पानवेलीला परका पाय चालत नाही, आमच्यात तसंच आहे. म्हातारा पोराला वाचवतोय असा शेरा मी मनात मारला.

मग प्रयोगशाळेचं पत्र आलं. त्यात नम्र भाषेत लिहिलं होतं की सदर ठसा पोलीस खात्यातर्फे पुरवल्या जाणाऱ्या बुटाच्या तळाशी जुळतो, तरी घटनास्थळी हजर असलेल्या कर्मचाऱ्यांचे बूट तपासणीसाठी पाठवावेत. मी पत्र मोठ्याने वाचलं. माझे जुने हवालदार टेबलाखाली माझ्या पायांकडे पाहत राहिले. माझ्या डाव्या बुटाच्या टाचेला मोटरसायकलच्या किकचा एक खास काप गेलेला होता. प्लॅस्टरमध्ये तो काप आरशासारखा उमटला होता.

अधीक्षक साहेबांचा फोन आला. “अभिनंदन. आरोपी निष्पन्न झाला म्हणे.”

हसू ओसरल्यावर प्रश्न उरला तो मुलाचा. स्फोटकांच्या कायद्याखाली माणूस एकदा आत गेला की जामीन सहज होत नाही, आणि खटला उभा राहायला वर्षं जातात. निर्दोष सुटला तरी बाहेर येतो तो वेगळाच माणूस. पोलीस कोठडीची मुदत संपत आली होती. साक्षीदाराच्या जबाबावर मी सहज पुढे रेटू शकलो असतो. ठसा गाळला असता तरी कोणी मला विचारलं नसतं.

त्या दिवशी मी पथकाचे फोटो पहिल्यांदा नीट पाहिले. एका फोटोत करंडी उचललेली होती आणि तिच्याखालची जमीन दिसत होती. आम्ही मळाभर तुडवलं, पण करंडीखाली आमचे बूट पोचले नव्हते. तिथे चिखलात एक पाय उमटला होता. पाच बोटं, स्वच्छ. ज्याने करंडी ठेवली त्याने आधी तिथे पाय रोवून जागा केली होती, आणि तो अनवाणी होता.

धाकट्याने तर बूट सांगितले होते. तीनदा.

मी त्याला काही न सांगता मळ्यावर बोलावलं. तू उभा होतास ती जागा दाखव, मग तो कुठून कसा गेला तेही चालून दाखव, म्हणालो. फाटकाशी त्याने चपला काढल्या. मी म्हणालो, राहू दे, चिखल आहे, काटे आहेत. तो माझ्याकडे नवलाने पाहायला लागला. मळ्यात चप्पल घालून कोणी जात नाही साहेब, म्हणाला. लपून जायचं असलं तरी? मी विचारलं. तो हो म्हणून गेला. मग मी फोटो काढून त्याच्या हातात दिला.

त्याने फोटो बराच वेळ धरला. मग खाली पाहिलं. ओल्या मातीत त्याचा स्वतःचा पाय नुकताच उमटला होता. तो तिथेच ओळीत बसला.

झालेलं एवढंच होतं. शेजारच्या शेतात विहिरीचं काम चालू होतं, तिथून त्याने कांड्या उचलल्या. सुरुंगवाल्याने परवान्याच्या भीतीने कमी पडलेला माल कळवला नव्हता. नंतर त्यानेच धाकट्याला ओळखलं. करंडी घरात पडलेली होतीच. दिवस मावळताना तो आला, फाटकाशी चपला काढल्या आणि स्फोटकं घेऊन अनवाणी आत गेला. सकाळचा निनावी फोनही त्याचाच. एवढं मोठं पाप करायला निघालेल्या माणसाला ते छोटं पाप करवलं नाही. आणि खोटा जबाब देताना चाचांचा पोरगा त्याच्या डोळ्यांपुढे आला तो बुटासकटच. त्याच्या मनात असा माणूस आपल्या मळ्यात दुसऱ्या कशा रीतीने शिरूच शकत नव्हता.

मी विचारलं, “काहून केलं रे?”

“माह्या भावाच्या जागेवर बसून जेवून राहिला तो. आई त्याले वाढून राहिली.”

“त्याने काय केलं तुझ्या भावाचं?”

“तुमीच त त्याच्या बापाले चौकशीले नेलं होतं, स्फोट झाला तवा. उगाच नेलं का?”

ते खरं होतं. स्फोटानंतर वरून आदेश आला होता आणि आमच्या खात्याने अकोल्याच्या जुन्या शहरातल्या अनेकांना बोलावून, नाव-गाव विचारून, चहा न पाजता सोडून दिलं होतं. आमच्यासाठी तो कागद पूर्ण करायचा प्रकार होता. सोडताना आम्ही कोणाला सांगितलं नाही की यांच्यावर काही नाही. नेलं ते सगळ्यांनी पाहिलं, सोडलं ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. त्या न सांगण्यावर या पोराने इतकी वर्षं आपला राग पोसला होता.

बाबा फाटकापाशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. धाकट्याला गाडीत बसवताना ते माझ्याजवळ आले. रडत नव्हते.

“एक त्या स्फोटानं नेला साहेब. एक तुमी नेऊन राहिले. तिसऱ्याले सोडा आता. आजच सोडा.”

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६९ खाली मी न्यायालयात अहवाल दिला की या आरोपीविरुद्ध पुरावा नाही, आणि मुलाच्या सुटकेचा आदेश झाला. पेपरात ती बातमी आतल्या पानावर, गुऱ्हाळाच्या जाहिरातीखाली आली. माझा फोटो नव्हता, त्याचं नाव चुकीचं छापलं होतं. मी वार्ताहराला फोन केला. तो म्हणाला, साहेब, सुटकेला जागा नसते.

मुलाला एसटीत बसवून द्यावं, असं हवालदारांनी सुचवलं. मी त्याला ठाण्याच्या गाडीतून घेऊन निघालो. दर्यापूर मागे पडेपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता. मला जे सांगायचं होतं ते कुठल्या कलमात बसत नव्हतं. जुन्या शहरात या खेपेला गाडी दुकानापर्यंत घेतली. तो उतरला, बापाच्या पायाला हात लावला आणि जिन्याने वर निघून गेला. वरून बायकांचा आवाज आला, मग दार लागलं.

मी चाचांना म्हणालो, झालं ते चुकलं. निघतो.

चाचांनी दुकानातली खुर्ची उचलून बाहेर रस्त्यावर ठेवली.

“बसा साहेब. चाय घ्या.”

मी आत बसतो म्हणालो. ते म्हणाले, नाही, इथंच. वर्दीतच आलात ते बरं केलं. मग माझ्या लक्षात आलं. मी टोपी मांडीवर ठेवून भर रस्त्यात बसलो. येणारे जाणारे थांबत होते, बघत होते, एकमेकांच्या कानात काही सांगत होते. चाचा प्रत्येकाला मोठ्या आवाजात ओळख करून देत होते, हेच ते साहेब, पोराला घरी सोडायला खुद्द आले. चहा संपला की दुसरा येत होता. वर्दीत इतकं अवघडून मी नोकरीत कधी बसलो नव्हतो, आणि इतका उपयोगाचा बंदोबस्तही कधी केला नव्हता.

धाकट्यावर खटला चालला, तो वेगळा विषय आहे. बाबांच्या मळ्याचा माल पुढे कुठे गेला हे मी विचारलं नाही. मी एवढं शिकलो की अटक करताना आम्ही गाड्या, माणसं, आवाज सगळं वापरतो आणि सोडताना एक कागद. त्यानंतर निर्दोष ठरलेल्या माणसाला मी दिवसाउजेडी, वर्दीत, त्याच्या दारापर्यंत सोडायला लागलो. माझे शिपाई मागे म्हणायचे, साहेब पोरगी सासरी पोचवायला चालले. म्हणू दे.

त्या दिवशी बऱ्याच वेळाने मी उठलो. चाचांनी हात जोडले, आभार मानले नाहीत. गाडीपर्यंत आले आणि खिडकीशी वाकून म्हणाले,

“शुक्रवारी या साहेब, नमाज झाल्यावर. आज गर्दी कमी होती.”

मी शुक्रवारी गेलो.