स्वच्छ गोलातले पाच ठिपके

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, लॅबमधल्या कुणाला नाही, आणि ताराबाईंना तर नाहीच. तुला सांगतेय, कारण तू मला ओळखत नाहीस. ओळखीच्या माणसांसमोर मी अजूनही अडखळते.

मी रोह्याला राहते. पेणला, रामवाडीतल्या एका छोट्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पू, लघवी, थुंकी — जे येईल त्यातले जंतू ताटलीत वाढवायचे आणि कोणत्या अँटिबायोटिकने ते मरतात ते बघायचं. एकटीने, फारसं न बोलता. म्हणून तर निवडलं हे काम. आमचे सर म्हणायचे, "तुझ्यापेक्षा ते बॅक्टेरिया बरे, निदान वास तरी देतात." सगळे हसायचे. मीही.

काम तसं साधं आहे. ताटलीवर जंतू पसरायचे, वर औषधाच्या बारीक चकत्या ठेवायच्या, ताटली रात्रभर उबेत ठेवायची. औषध लागू पडत असेल तर सकाळी चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो. तो पट्टीने मोजायचा. ठरलेल्या मापाएवढा भरला की रिपोर्टवर 'एस' — म्हणजे हे औषध चालेल.

आत काय घडतं तेही सांगू? कदाचित मी मुद्द्यावर यायचं टाळतेय. जंतूभोवती भिंत असते. साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे छोटे दुवे. जंतू वाढतो तशी ही भिंत सतत उकलून पुन्हा सांधावी लागते. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं तयार भिंतीला हात लावत नाहीत. ती सांधणाऱ्या एन्झाइमला अडकवून ठेवतात. उकलणं चालू, सांधणं बंद — आत पाणी शिरत राहतं आणि जंतू फुटतो. काही जंतूंकडे मात्र सांधणारा वेगळाच एन्झाइम असतो. त्याला औषध फारसं चिकटत नाही. बाकीचे मरतात, हे आपले भिंत बांधत राहतात.

ताराबाईंचा नवरा मिठागरात कामाला होता. कासूच्या पलीकडे, खाडीकडे त्यांचं गाव. अनवाणी पायांनी चिखल तुडवून मिठाचे वाफे घट्ट करायचे. त्यात पायाला चिरा पडतात, आणि मिठाचं पाणी त्या भरू देत नाही. त्यांच्या पायाच्या जखमेतला नमुना आमच्याकडे आला.

शनिवारी सकाळी मी ताटली काढली. चकतीभोवती छान मोठा गोल. पट्टी लावली — माप पुरेसं होतं. मग ताटली उजेडात तिरकी धरली, तेव्हा गोलाच्या आत, चकतीजवळ, ठिपके दिसले. टाचणीच्या टोकाएवढे, औषधाला न जुमानता वाढलेल्या जंतूंचे. पाच.

अशा वेळी काय करायचं ते मला माहीत होतं. परीक्षेत यावरच प्रश्न आला होता. ते ठिपके उचलून पुन्हा वाढवायचे, चाचणी पुन्हा करायची, आणि डॉक्टरांना फोन करून सांगायचं, की या औषधावर अजून विसंबू नका. फोन. हा नमुना पाठवणारे रोह्याचे डॉक्टर फोनवर खेकसायचे. आदल्याच आठवड्यात मी अडखळले, तेव्हा म्हणाले होते, "मॅडम, मराठी येतं ना?" — एवढंच. एवढंच कारण होतं. मोठं काही शोधू नकोस.

मी 'एस' लिहिलं. ताटली ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेने जंतू मारायच्या यंत्रात गेली — नेहमी जाते तशीच, फक्त जरा लवकर.

रिपोर्ट न्यायला ताराबाई स्वतः आल्या. कागद उलटसुलट करून पाहिला आणि काउंटरवरून माझ्याकडे सरकवला. "बाय गो, काय ल्हिलंय यात? पाय ऱ्हाईल ना आमच्या मालकांचा?"

"हो," मी म्हटलं. "ही गोळी लागू पडेल."

इतकं स्पष्ट मी त्या आठवड्यात कुणाशीच बोलले नव्हते.

तीन आठवड्यांनी दुसरा नमुना आला, या वेळी सर्जनकडून. पायाची तीन बोटं काढली होती. ताटलीवर त्या चकतीभोवती गोलच नव्हता. जंतू थेट तिला भिडून वाढले होते. सरांनी जुना रिपोर्ट काढून पाहिला. "मधेच गोळ्या सोडल्या असतील. बरं वाटलं की सोडतात ही माणसं." रोह्याच्या डॉक्टरांनी ताराबाईंना हेच सुनावलं होतं, बाहेर बसलेल्या सगळ्यांसमोर.

दोन दिवसांनी त्या आमच्याकडे आल्या. काउंटरवर एक प्लॅस्टिकची पिशवी उपडी केली. गोळ्यांची रिकामी पाकिटं. "बघा ओ. एक पण गोली चुकवली नाय. सकाल-संध्याकाल मीच दिली, या हातानं."

"असू दे मावशी, होतं असं," सर समजुतीने म्हणाले.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू सांग ना गो. तूच बोललेलीस ना, लागू परेल म्हणून?"

मी मान खाली घालून दुसऱ्या ताटलीवर नाव लिहीत राहिले. सर हसून म्हणाले, "तिला काय विचारता, ती आमच्याशी बोलत नाही." आणि ते मला सोयीचं झालं. पहिल्या वेळी मी घाबरले होते. दुसऱ्या वेळी — नाही. अक्षर नेहमीसारखंच आलं.

वेळेवर खरं कळवलं असतं, तर बोटं वाचली असती का? माहीत नाही. हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला, आणि मग लक्षात आलं की मला उत्तर नको होतं, सूट हवी होती.

ताराबाईंचा नवरा आता मिठागरात उतरत नाही. त्यांच्या गावची एक बाई परवा तपासणीसाठी रक्त द्यायला आली होती. बोलता बोलता म्हणाली, "तारीनं गोल्या नीट दिल्या नायत, म्हनून बोटं गेली त्याची." मी तिचं नाव आणि वय विचारून घेतलं, नळीवर चिकटवलं आणि आत गेले.

पाकिटं घेऊन आल्या त्या दिवशी ताराबाईंनी ती एकेक करून पिशवीत परत भरली. सावकाश, कुणीतरी मोजेल म्हणून. कुणी मोजली नाहीत. एकही गोळी चुकलेली नाही हे त्या खोलीत दोघींना माहीत होतं. त्यांना, आणि मला.