मामांची दुसरी लाइन

लाइटवाले मामा कुठल्याही खोलीत शिरले की आधी वायर धरायचे. तिच्यावरून बोटं फिरवत ती कुठल्या बोर्डात जाते ते बघायचे, मगच माणसांशी बोलायचे. शिरूरच्या दूध डेअरीत मी झाडू-फरशीला होते. एकदा म्हटलं, "मामा, मेंढरू चुकल्यागत काय हिंडता?" ते म्हणाले, "मेंढरू वरडतं तरी, मावशी. वायर वरडत न्हाई."

डेअरीत तेव्हा कॉम्प्युटर नवे आले होते. सगळ्यांच्या वायरी एका लोखंडी पेटीत जायच्या, तिला स्विच म्हणायचे. ती बंद पडली की काट्यावरचं वजन ऑफिसात पोचायचं नाही आणि दूध उतरवता यायचं नाही. मामांनी दोन प्लगांची पेटी मागवायला लावली. दोन्ही प्लगांना वेगवेगळ्या यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर चालणाऱ्या बॅटऱ्या, हव्यात, हा त्यांचा हट्ट. साहेब म्हणाले, "एका यूपीएसवर भागतंय की." मामा म्हणाले, "यूपीएस काय अमर हाय का साहेब?" आणि पुठ्ठ्यावर नकाशा काढत बसले. महिनाभर भांडून त्यांनी दुसरी यूपीएस बसवलीच.

मी चौथी शिकलेली. तरी त्यांनी मला समजावलं होतं. एकेका यूपीएसचा एकेक बोर्ड. लाल पट्टीचा प्लग लाल बोर्डात, निळा निळ्यात. "दोनी एकाच बोर्डात घातले म्हंजी एकच घातला. कळलं का?" मला कळलं होतं. हे मुद्दाम लिहिते.

दरवर्षी खंडेनवमीला पेटी मामाच पुसायचे. त्या साली त्यांच्या मुलीला बघायला त्यांच्या गावी, राहूला, पाहुणे येणार होते. जाताना म्हणाले, "मावशी, फुलं पुढनं वाहा. मागं हात घालू नका." मी घातला. पूजेला दिव्यांची माळ लावायची होती आणि निळ्या बोर्डात जागा नव्हती. निळा प्लग काढला, लाल बोर्डात खोचला आणि माळ निळ्यात लावली. पेटी चालू राहिली. मला वाटलं, काय बिघडलं?

दसऱ्याच्या सकाळी लाल बोर्डाची यूपीएस गेली. पेटी मेली आणि माळ तेवढी लुकलुकत राहिली. मी ती काढून कपाटात टाकली. प्लग जागेवर घालायला गेले, तोवर खोली माणसांनी भरली होती. हातानं वजनं लिहिता लिहिता दुपार झाली, टँकर उन्हात उभे राहिले, एकाचं दूध नासलं. निरोप मिळताच मामा पाहुणे टाकून आले. वायरीवरून बोटं फिरवली आणि निळा प्लग जागच्या जागी लावला. पाच मिनिटांत सगळं सुरू.

"कुणी काढला हा?" साहेबांनी विचारलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "मला अडाणी बाईला काय कळतंय त्यातलं?"

मामा परत वायरीकडे वळले. साहेब त्यांना म्हणाले, "म्हणजे तुमच्याच हातनं झालंय." पुढच्या सोमवारी मामांच्या जागी दुसरा माणूस आला. जाताना मामा मला एवढंच म्हणाले, "मावशी, तुम्ही अडाणी न्हाई."

नंतर त्यांनी दौंडला पंखे दुरुस्तीचं दुकान टाकलं. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन मी परत फिरले. ते वारल्यावर मामीकडे गेले आणि सगळं सांगितलं. मामी तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मला कशापायी सांगता? तवा सायबाला सांगायचं व्हतं."

मला त्याचा राग आला नाही. खरं होतं ते.

साहेब आता शिरूरलाच मुलाकडे राहतात. सकाळी ओट्यावर पेपर वाचत बसलेले असतात. माझा भाजीला जायचा रस्ता त्यांच्या दारावरून जातो. मी मागच्या बोळातून जाते.