शेंदूर लावलेला साचा

चारचौघांत आमच्या बाबांना चोर म्हटलेलं मी ऐकलंय, आणि ते मी विसरलेले नाही. ते ज्या मोटारींच्या कारखान्यात कामाला होते, त्याचं दिवाळं निघालं, तेव्हा सामानाच्या मोजदादीत दाराच्या मुठीचा साचा सापडला नाही. कारखान्यातला सगळ्यात पहिला साचा, आणि तो बाबांच्या ताब्यात. "भंगारात विकला असंल," असं फोरमन म्हणाला. मग सगळेच तसं म्हणू लागले.

बाबांचं म्हणणं एकच. "खंडेनवमीले शेंदूर लावून कारखान्यातल्या मंदिरात ठेवला होता वं मी, दरसालसारखा. दसरा झाल्यावर आणायले गेलो, तर गेटले सील."

यंदा बाबांचं ऑपरेशन ठरलं आणि त्याआधी हा डाग पुसायचाच, अशा हट्टाला मी पेटले. लिलावाचे जुने कागद, कारखाना विकायला नेमलेल्या लिक्विडेटरच्या ऑफिसात होते. तिथल्या बाबूने आज या, उद्या या करत बरेच दिवस घालवले. शेवटी म्हणाला, "म्याडम, उद्या गठ्ठे रद्दीत चालले. आजच पाहून घ्या."

बाबांना शेजारी बसवून मी कागद उलटू लागले. बाबा खोटं बोलत असतील तर, ही खरी भीती. त्यांच्या शेजारी बसून असं मनात यावं, याचा मला स्वतःचाच राग आला.

विकलेल्या मालात प्रेस होते, इंजिनं होती, कँटीनची भांडीसुद्धा होती. साचा नव्हता. बाबा खिडकीबाहेर बघत बसले होते. सर्वांत खाली न विकलेल्या वस्तूंचा एक कागद निघाला. कारखान्याच्या मंदिरातली घंटा, समई, आणि 'शेंदूर लावलेली लोखंडी मूर्ती, एक'. यादी करणारे बाहेरगावचे. देवाचा लिलाव कसा करायचा, म्हणून त्यांनी सगळं कुहीजवळच्या एका गावच्या मंदिराला देऊन टाकलेलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिथे गेलो. ओट्यावर साचा उभा होता, गळ्यात हार, पुढे नारळ. बाबांनी त्याच्या मागे, जिथे कारखान्याचा नंबर कोरलेला असतो तिथे, बोटं फिरवली. "नंबर हाये," एवढंच बोलले आणि रडले.

"पुजाऱ्याला सांगून टाकू, हा देव नाही म्हणून," मी म्हटलं.

"काहून? लोकं नवस बोलून राहिले त्याले. राहू दे."

राहू देणाऱ्यांतली मी नाही. मी पुढून-मागून फोटो काढले आणि परतीच्या एसटीत बाबांच्या फोनवरून पुढचा फोटो जुन्या कामगारांच्या ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर फोरमनचं. जोडलेले हात, आणि खाली, "कोणत्या गावचा देव हाये गा?"

बाबा कितीतरी वर्षांनी खळखळून हसले. "हात जोडले ना त्यानं? झालं मंग."

माझं झालं नव्हतं. मी मागच्या बाजूचा फोटो टाकला, नंबर नीट वाचता येईल असा. प्रताप नगरला घरी पोचलो तेव्हा फोरमनचा फोन आला. "आपला पहिला साचा तोच का गा?" त्याचा आवाज मलाही ऐकू आला.

बाबा म्हणाले, "हो गा. तोच हाये."